शेवटचा बदल

"यात नाव चुकीचं येऊ शकतं का?" डॉक्टर पारखांनी मला विचारलं.

"नाही सर," मी म्हटलं.

"कधीच नाही?"

"नाही. जो माणूस लॉगिन करून बदल करतो, त्याचंच नाव तिथं आपोआप पडतं. ते कुणालाही हातानं घालता येत नाही."

खोलीत आम्ही चौघंच होतो. टेबलापलीकडे रुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर पारख. माझ्या शेजारी माझे साहेब, ओढेकर सर. आणि दाराजवळच्या खुर्चीत, पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरून, निर्मला गायधनी. केसपेपर विभागात त्यांची एकवीस वर्षं झाली होती.

डॉक्टरांनी स्क्रीन आमच्याकडे वळवला. भागुजी आव्हाड, वय अठ्ठावन्न, एसटी डेपोतले निवृत्त मेकॅनिक. ‘ॲलर्जी’ची चौकट रिकामी होती. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं: शेवटचा बदल, निर्मला गायधनी, चार ऑगस्ट.

चार दिवसांपूर्वी आव्हाडांना तापात आणलं होतं. ते ग्लानीत होते. बायको खाली केसपेपर काढायला रांगेत उभी होती. ड्यूटीवरच्या डॉक्टरनं कॉम्प्युटरवर पाहिलं, ॲलर्जी काही नाही, आणि पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं. दोन मिनिटांत त्यांचा श्वास अडकला, अंग काळंनिळं पडलं. आता ते अतिदक्षता विभागात होते. जीव वाचला होता, पण मेंदूला किती वेळ प्राणवायू मिळाला नाही, त्याचा काय परिणाम होईल, हे अजून कुणी सांगत नव्हतं. त्यांच्या जुन्या कागदी केसपेपरवर लाल शाईत ‘पेनिसिलिन देऊ नये’ असं ठळक लिहिलेलं होतं. ते गायधनी बाईंनीच वर्षभरापूर्वी कॉम्प्युटरमध्ये भरलं होतं.

"चार ऑगस्टला काय केलं होतं तुम्ही?" डॉक्टरांनी त्यांना विचारलं.

"त्यांचा फोन नंबर बदलला होता साहेब. नवीन घातला."

"आणि ते करताना शेजारची चौकट पुसली गेली."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. परीक्षेत पोर मास्तरांकडे पाहतं तसं, आता हीच काय ते सांगेल, असं.

मी स्क्रीनकडे पाहिलं.

"उद्यापासून तुम्ही रजेवर जा," डॉक्टर म्हणाले. "पुढचं ट्रस्ट ठरवेल."

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. नाशिकला कॉलेज रोडवर, एका चष्म्याच्या दुकानाच्या वर, ओढेकर सरांचं अकरा जणांचं ऑफिस होतं. तासाभराच्या अंतरावर तालुक्याच्या गावात ट्रस्टचं हे रुग्णालय. तिथलं सगळं कामकाज कॉम्प्युटरवर आणायचं काम आम्हाला मिळालं होतं आणि ते जवळजवळ एकटीनं मी केलं होतं.

केसपेपर म्हणजे काय, तो कुठून कुठं जातो, हे मला गायधनी बाईंनी शिकवलं. सहा महिने मी आठवड्यातून दोनदा तिथं जात असे. त्या डब्यात माझ्यासाठी एक भाकरी जास्त आणायच्या. पहिल्या दिवशी माऊस हातात घेताना त्यांनी हात पदराला पुसला होता. वर्षभरात विभागातल्या तरुण पोरींपेक्षा त्यांचा हात जलद चालायला लागला. "सुनेत्रा, तुझं हे मशीन माणसापेक्षा बरं आहे गं," त्या म्हणायच्या. "कुणी काय केलं ते विसरत नाही."

ते खरं होतं, निदान मी तसंच बांधलं होतं. आम्ही ज्या तयार सांगाड्यावर, म्हणजे फ्रेमवर्कवर, काम करायचो, त्याची एक मोठी सोय होती. कुठली माहिती ठेवायची एवढं लिहून दिलं, की ती भरायची, बदलायची, पुसायची पानं ते स्वतःच तयार करून द्यायचं. या पानांना ॲडमिन म्हणतात. ती आपल्याला हवी तशी करून घ्यायची, तर फ्रेमवर्कमधल्या तयार क्लासपासून, म्हणजे कोडच्या साच्यापासून, आपला क्लास काढायचा. जेवढं बदलायचं तेवढंच आपण लिहायचं, बाकी सगळं वरून वारशानं येतं. मी रुग्णालयासाठी असा एक मूळ क्लास लिहिला होता. सेव्ह करताना बदल करणाऱ्याचं नाव आणि तारीख टाकायचं काम त्याच्याकडे. रुग्ण, औषधं, खाटा, तपासण्या, अशा चौदा पानांचे क्लास मी त्या एकापासून काढले आणि नाव टाकण्याचा कोड पुन्हा कुठंही लिहावा लागला नाही. मला त्याचा फार अभिमान होता. म्हणूनच डॉक्टरांना ‘नाही’ म्हणताना मला क्षणभरही विचार करावा लागला नव्हता.

चौकशीनंतर नऊ दिवसांनी रुग्णालयाकडून नवीन मागणी आली. ॲलर्जीच्या चौकटीला कुलूप घाला, वरिष्ठांच्या परवानगीशिवाय ती बदलता येऊ नये. दुपारचं जेवण झाल्यावर मी रुग्णांच्या पानाचा क्लास उघडला.

ऑगस्टच्या मध्यावर मी या पानाचं सेव्हचं काम नव्यानं लिहिलं होतं. पुढच्या तपासणीची तारीख आपोआप पडावी, एवढ्यासाठी. वारशाचा नियम असा, की एखादं काम खालच्या क्लासनं स्वतः लिहिलं, की वरच्याचं ते काम बंद पडतं. तेही चालू राहायला हवं असेल, तर ‘वरच्याचंही कर’ असं सांगणारी एक ओळ लिहावी लागते. मी बारा ओळी लिहिल्या होत्या. ती एक त्यात नव्हती.

मी त्या बारा ओळी परत परत वाचल्या. नव्यानं लिहिल्यापासून या पानावर कुणीही काहीही बदललं, तरी ते साठत होतं, कारण साठवण्याची ओळ त्या बारांत होती; पण नाव टाकलं जात नव्हतं. तारीखही नाही. तळाशी जे जुनं नाव होतं, तेच तसंच राहत होतं.

म्हणजे चार ऑगस्टनंतर आव्हाडांचं पान कुणीतरी बदललं असेल, तर दिसणार गायधनी बाईंचंच नाव.

माझ्या कोडवर विसंबायचं नाही म्हटल्यावर एकच जागा उरत होती. फ्रेमवर्क स्वतःची एक वेगळी नोंदवही ठेवतं; कुणी, कधी, कुठली चौकट बदलली. ती माझ्या क्लासच्याही वरून येत असल्यामुळे मी तिला हात लावलेला नव्हता. वापरणाऱ्यांचा गोंधळ होऊ नये म्हणून फक्त तिचं बटण लपवलं होतं. मी ती नोंदवही उघडून आव्हाडांचा क्रमांक घातला.

वर्षभरापूर्वीच्या मूळ नोंदीनंतर दोनच ओळी होत्या. चार ऑगस्ट, गायधनी, बदल: फोन नंबर. फक्त फोन नंबर.

आणि एकोणीस ऑगस्ट, दुपारी तीन पन्नास, बदल: ॲलर्जी. वापरणाऱ्याचं नाव, सुनेत्रा.

मला पहिल्यांदा वाटलं कुणी माझ्या नावानं आत शिरलं असेल. मग हळूहळू आठवायला लागलं. चाचणीचा सर्व्हर त्या आठवड्यात बंद होता आणि सर म्हणाले होते, एकदा रुग्णालयाच्या खऱ्या सर्व्हरवरच पाहून घे, तारीख पडते का. मी समोर येईल तो रुग्ण उघडला होता. चौकट रिकामी ठेवली तरी सेव्ह होतंय ना, हे पाहायला एक चौकट पुसली, सेव्ह दाबलं. तारीख पडली. पुसलेलं परत भरणार, तेवढ्यात आईचा फोन आला. "गॅसवाला दारात उभा आहे, पुस्तक कुठं ठेवलंयस?" फ्रिजवर, डब्याखाली, कपाटात, असं मी तिला पाच मिनिटं सांगत राहिले. फोन ठेवला आणि पान बंद केलं.

मी केबिनमध्ये जाऊन ओढेकर सरांना सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. ऐकून झाल्यावर दार लावून घेतलं.

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"नाही."

"बस." मी बसले. "हे बघ सुनेत्रा. इंजेक्शनआधी टेस्ट डोस द्यायला हवा होता, तो त्यांनी दिला नाही. कागदी केसपेपर कपाटात होता, तो काढला नाही. मी तुला खऱ्या सर्व्हरवर करायला सांगितलं, ती माझी चूक. सगळ्यांनी थोडी थोडी चूक केली. माणूस वाचलाय. बाईंना काढलेलं नाही, रजेवर पाठवलंय. दोन वर्षांत त्या तशाही निवृत्त होणार."

"पण सर, मी तिथं सांगितलं की नाव चुकूच शकत नाही."

"त्या वेळी तुला तेच माहीत होतं ना? तू खोटं कुठं बोललीस?" ते खिडकीकडे वळले. "हे बाहेर गेलं तर रुग्णालयाचं काम जाईल, मग बाकीचेही सोडतील. बाहेर दहा जण बसलेत. त्यातल्या कुणाला आधी घरी पाठवू, ते तू सांग."

मी बंद दाराकडे पाहिलं.

"नोंदवहीतली ती एक ओळ काढून टाक. आणि कोड दुरुस्त कर. एवढंच."

मी जागेवर आले. ओळ निवडली, पुसण्याचं बटण दाबलं. समोर प्रश्न आला: ‘ही नोंद कायमची पुसली जाईल. आपली खात्री आहे का?’ हे वाक्य मीच मराठीत लिहिलं होतं. मी त्याच्याकडे पाहत बसले. शेजारचा मुलगा चहाला चल म्हणाला तेव्हा मी पान तसंच मागं घेतलं. पुसलं नाही. पण सांगितलंही नाही. मी शूर वगैरे नव्हते. पुढचे दोन दिवस मी रोज ती नोंद उघडत होते आणि बंद करत होते.

तिसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, एसटी धरून मी गायधनी बाईंच्या घरी गेले. नोंद छापून पिशवीत टाकली होती, पण काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. खरं सांगायचं तर मनात एवढंच होतं, की त्या बऱ्या दिसल्या, घरात रमलेल्या दिसल्या, तर काही न बोलता परत यायचं.

दार त्यांनीच उघडलं. बारा दिवसांत त्या कितीतरी वाळल्या होत्या. "अगं तू? ये, ये," म्हणाल्या आणि पाणी आणायला आत गेल्या. घरात त्या एकट्याच होत्या. यजमान जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगा पुण्याला असायचा.

"तब्येत कशी आहे ताई?"

"मला काय झालंय? ज्याला झालं त्याला विचार." त्या समोर पाटावर बसल्या. "जाऊन आले मी. आव्हाडांना घरी आणलंय परवा. त्यांच्या बायकोच्या पाया पडले. माझ्याहून लहान आहे गं ती."

मी पेला खाली ठेवला.

"कशाला गेलात ताई?"

"जायला नको? माझ्या हातून झालं ना. ट्रस्टलाही लिहून दिलंय मी तसं. पहिले दोन दिवस चौकट पुसल्याचं मला काही आठवतच नव्हतं. मी मुलाला म्हणत होते, नाही रे, मी नाही केलं. मग एक दिवस भाजी निवडताना डोळ्यांसमोर लख्ख आलं." त्यांनी उजवा हात पुढं केला आणि हवेत बोटं हलवली. "जुना नंबर पुसायला मी हे बटण असं दाबून धरलं होतं. समोर खिडकीत एक म्हातारी रांगेतल्या नंबरासाठी भांडत होती. मी तिच्याशी बोलत होते. बोट काही उचललं नाही. नंबर पुसला गेला, आणि मग शेजारची चौकटसुद्धा, एकेक अक्षर. न, लि, सि... मला ती अक्षरं जाताना दिसली होती सुनेत्रा. दिसली होती आणि मी लक्ष दिलं नाही."

"ताई, थांबा."

"रोज दिसतंय. डोळा लागला की ती अक्षरं."

"ताई, ते तुम्ही नाही केलं. ते मी केलं."

मी सगळं सांगितलं. मूळ क्लास, राहून गेलेली ओळ, नोंदवही, एकोणीस तारीख, गॅसवाला. त्यातलं त्यांना किती कळलं कुणास ठाऊक. मी पिशवीतून नोंदीचा छापलेला कागद काढून दिला. त्यांनी चष्मा लावला आणि दोन्ही ओळींवरून बोट फिरवत वाचलं.

"पण मला आठवतंय," त्या हळू म्हणाल्या.

"ते तसं झालं नाही ताई. तुम्ही फक्त नंबर बदलला. बघा, इथं आहे."

"मला आठवतंय गं. ती म्हातारी होती खिडकीत."

"म्हातारी असेल. पण चौकट तुम्ही पुसली नाही."

त्यांनी दुसरी ओळ पुन्हा एकदा वाचली. मग विचारलं, "तुला कधी कळलं?"

"बुधवारी."

"आज शनिवार."

मी मान खाली घातली.

"मी गुरुवारी गेले होते तिच्या पाया पडायला," त्या म्हणाल्या. आवाज न चढवता त्यांनी कागदाची घडी घातली. "गुरुवारी, सुनेत्रा. तुला फोन करता आला नाही?"



सोमवारी मी डॉक्टर पारखांसमोर तो कागद ठेवला. ओढेकर सरांना आधी फोन करून सांगितलं. ते फक्त "ठीक आहे" म्हणाले आणि फोन ठेवला. डॉक्टरांनी कागद वाचला, चष्मा काढला, आणि म्हणाले, "त्या दिवशी मी तुम्हाला दोनदा विचारलं होतं." मी हो म्हटलं.

पुढचं सगळं सर म्हणाले होते तसंच झालं. काम गेलं. दिवाळीपर्यंत ऑफिसमधून तीन जण कमी झाले, त्यातली पहिली मी. सर पुढं कधी भेटले नाहीत. एकदा रस्त्यात समोरून आले आणि पलीकडच्या फुटपाथवर गेले. ट्रस्टनं गायधनी बाईंना मानानं परत बोलावलं. त्या गेल्याही. पण प्रत्येक केसपेपर तीन तीनदा तपासायला लागल्या, खिडकीपुढे रांग वाढत गेली, आणि आठ महिन्यांनी त्यांनी आपणहून राजीनामा दिला. मी पुढं दुसरीकडे नोकरी धरली. अजून हेच काम करते.

पण त्या सोमवारी, डॉक्टरांच्या खोलीतून मी बाहेर आले तेव्हा, गायधनी बाई बाकावर बसल्या होत्या. मी त्यांना बोलावलं नव्हतं.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"मग चल. एक ठिकाणी जायचं राहिलंय."

आव्हाडांचं गाव बसनं अर्ध्या तासावर होतं. पत्र्याचं घर, पुढं सारवलेलं अंगण, त्याला लाकडी फाटक. भागुजी आव्हाड ओट्यावर खुर्चीत बसले होते. उंच, हाडापेरानं दणकट माणूस. उजवा हात मांडीवर होता आणि सारखा थरथरत होता. त्यांची बायको चंद्रभागाबाई धान्य पाखडत होत्या. गायधनी बाईंना पाहून त्यांनी सूप खाली ठेवलं.

"आता काय आणखी?"

"ही सुनेत्रा," बाई म्हणाल्या. "हिला तुमच्याशी बोलायचंय."

मी उभ्या उभ्याच बोलले. क्लास, कोड यातलं काही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, की कॉम्प्युटरमधलं औषधाचं नाव माझ्या हातून पुसलं गेलं, परत भरायचं मी विसरले, आणि नाव या ताईंचं लागलं. यांचा यात काही संबंध नाही.

चंद्रभागाबाईंनी आधी माझ्याकडे आणि मग गायधनी बाईंकडे पाहिलं.

"मंग तुम्ही कामून पाया पडल्या माझ्या?"

"मला वाटलं मीच केलं."

"आन् हिला ठावं व्हतं?"

मीच म्हटलं, "तुमच्याकडे त्या आल्या, त्याच्या आदल्या दिवशी कळलं मला."

आव्हाड इतका वेळ माझ्याकडे पाहत होते. एकेक शब्द शोधून काढल्यासारखं म्हणाले, "नट पिळायचा पाना... धरता येत न्हाई. चाळीस वर्सं... धरला." आणि डाव्या हातानं उजवा हात दाबून धरला.

चंद्रभागाबाई उठल्या. मला वाटलं आता त्या ओरडतील, शिव्या देतील. माझी तयारी होती. खरं तर मी त्याचीच वाट पाहत होते. त्यांनी पदर खोचला, गायधनी बाईंचा हात धरून त्यांना ओट्यावर नवऱ्याशेजारी बसवलं आणि आत गेल्या. स्टोव्हचा आवाज आला. थोड्या वेळानं त्या दोन कपबशा घेऊन बाहेर आल्या. एक गायधनी बाईंच्या हातात दिली. दुसरीतला चहा बशीत ओतून नवऱ्याच्या ओठांना लावला.

मी अंगणात उभी होते. गायधनी बाईंनी कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं त्या तो मला देतील, किंवा खाली तरी ठेवतील. त्यांनी तसं काही केलं नाही. सावकाश, एकेक घोट घेत, सगळा चहा प्यायल्या. चंद्रभागाबाईंनी विचारलं, "आनखी देऊ?" तर हो म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये त्यांना खिडकीशी जागा मिळाली. मी शेजारी बसले. गाव मागं पडल्यावर त्या म्हणाल्या, "गुरुवारी मी आले होते ना, तेव्हा फाटकाच्या आत घेतलं नव्हतं मला. रस्त्यावरच पाया पडले."

मी काही म्हणणार होते, पण त्यांनी मान खिडकीला टेकली होती आणि डोळे मिटले होते. स्टँड येईपर्यंत त्या झोपल्या.